पहिली लाकडी नौका : मॉडेल शिपवेजच्या ‘लॉवेल ग्रँड बँक्स डोरी’ संचाचे परीक्षण

लाकडी जहाजाची प्रतिकृती पहिल्यांदाच बांधायला निघालेला माणूस बहुधा खोक्यावरचे चित्र पाहून खरेदी करतो, आणि त्या चित्रात तीन डोलकाठ्या, फुगलेली शिडे आणि दोन्ही बाजूंनी डोकावणाऱ्या तोफांच्या रांगा असतात. पोर्टस्मथच्या गोदीत जतन करून ठेवलेल्या १०४ तोफांच्या ‘व्हिक्टरी’ या ब्रिटिश युद्धनौकेचे संच जगभर खपतात ते याच मोहामुळे. तो मोह मला समजतो, पण त्याची शिफारस मी कोणालाही करणार नाही. अशा जहाजाला शेकडो बारीक फळ्या, हजारो गाठी आणि काही वर्षांचा मोकळा वेळ लागतो, आणि त्यासाठी लागणारे कौशल्य त्याच जहाजावर चुकत-माकत शिकावे लागते. ‘अर्धवट बांधलेला संच’ म्हणून ऑनलाइन बाजारात विकायला निघालेली खोकी चाळली, तर त्यांत या भव्य युद्धनौकाच जास्त दिसतात. म्हणून हे परीक्षण डोरी नावाच्या एका अगदी साध्या, बिनशिडाच्या, वल्ह्यांनी चालणाऱ्या मासेमारी नावेच्या संचाचे आहे. तो सोपा आहे असे सगळे सांगतात. माझे मत थोडे वेगळे आहे: त्यात काम थोडे आहे, पण जे आहे ते खरे सुतारकाम आहे आणि त्यात सवलत फारशी नाही.

मॉडेल शिपवेज हे अमेरिकेतील मॉडेल एक्स्पो या विक्रेत्या कंपनीचे नाममुद्रित उत्पादन आहे. या कंपनीने नवशिक्यांसाठी तीन संचांची एक चढती मालिका काढली असून तिची आखणी डेव्हिड अँट्शर्ल यांनी केली आहे. अठराव्या शतकातील ब्रिटिश नौकांच्या, आतील प्रत्येक बरगडीसह बांधलेल्या प्रतिकृतींसाठी आणि त्या विषयावरील लेखनासाठी ते या छंदाच्या जगात ओळखले जातात. मालिकेतील पहिला संच म्हणजे ही डोरी, दुसरा नॉर्वेजियन पद्धतीची शिडाची लहान नाव आणि तिसरा मेन राज्यातील मस्कॉन्गस उपसागरात शेवंडे पकडण्यासाठी वापरली जाणारी शिडाची होडी. एवढा जाणकार माणूस नवशिक्यासाठी संच आखायला बसला, तेव्हा त्याने पहिल्या पायरीला डोरी निवडली, यातच पुष्कळ काही आले.

डोरीचे प्रमाण १:२४ आहे, म्हणजे प्रत्यक्ष नावेतील एक फूट प्रतिकृतीत अर्धा इंच होतो. सरासरी उंचीचा माणूस या नावेत उभा केला तर तो सुमारे सात सेंटिमीटरचा भरेल. तयार नाव दहा इंचांच्या आसपास, म्हणजे पुस्तकांच्या कप्प्यात सहज मावेल एवढी होते. शहरातील घरांचा विचार करता हा मुद्दा किरकोळ नाही. मीटरभर लांबीचे तीन डोलकाठ्यांचे जहाज ठेवायचे कुठे, हा प्रश्न ते बांधून झाल्यावरच घरात उपस्थित होतो.

मूळ नावेविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण संचातील प्रत्येक तुकड्याचा आकार तिच्या कामातून आलेला आहे. मॅसॅच्युसेट्समधील एम्सबरी गावी, मेरिमॅक नदीच्या काठी, सिमियन लॉवेल यांनी १७९३ मध्ये नावा बांधण्याचा कारखाना सुरू केला. तो आजही उभा आहे, तिथे आजही लाकडी नावा बांधल्या जातात, आणि अमेरिकेने त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा दिला आहे. न्यू फाउंडलंडच्या किनाऱ्यापुढे समुद्रात ग्रँड बँक्स नावाचा विस्तीर्ण उथळ प्रदेश आहे. तेथील कॉड माशांसाठी ग्लॉस्टरसारख्या बंदरांतून शिडाची मोठी गलबते निघत आणि प्रत्येक गलबताच्या तक्तपोशीवर, म्हणजे डेकवर, अशा डोऱ्यांची चळत रचलेली असे. मासेमारीच्या जागी पोहोचल्यावर डोऱ्या पाण्यात उतरवायच्या, एकेकीत एक-दोन माणसे बसून दूरवर जायची, गळ लावलेल्या लांब दोऱ्या टाकायची आणि भरलेली नाव घेऊन गलबताकडे परतायची. या नावा मोठ्या संख्येने लागत, लवकर नष्ट होत आणि म्हणून स्वस्तात व झपाट्याने बांधाव्या लागत. लॉवेल कारखान्याने एकट्या १९११ या वर्षात २,०२९ नावा बांधल्या, यावरून त्या मागणीची कल्पना येईल.

सपाट तळ, बाहेर कललेल्या सरळ बाजू, वर रुंद आणि खाली निमुळती होत गेलेली मागची फळी, आणि काढता येणाऱ्या बैठका ही सगळी रचना त्या गरजेतून आली आहे. बाजू बाहेर कललेल्या असल्या आणि आतील बैठका काढून ठेवता आल्या, तरच एका नावेत दुसरी नाव बसते. बाजूंना गोलाई कमी असली तर बरगड्या साध्या होतात आणि मोजक्या रुंद फळ्यांत काम भागते. रिकामी डोरी पाण्यावर डगमगते, भरली की स्थिर होते. कोळ्याला तिचा हा गुण चालत असे. कारखान्यातील कारागिराला सोपी गेलेली ही रचना टेबलावर बांधणाऱ्यालाही सोपी जाते. आकार सोपा करण्यासाठी प्रतिकृतीत काहीही खोटे करावे लागलेले नाही, हे या निवडीचे सर्वांत मोठे बलस्थान मला वाटते.

खोक्यात लेझरने कापलेले बासवुडचे पातळ पत्रे आणि रंगीत छायाचित्रांसह बांधणीची पुस्तिका असते. बासवुड हे अमेरिकेतील लिंडेन जातीच्या झाडाचे फिकट, हलके आणि मऊ लाकूड आहे. त्यात गाठी क्वचित असतात आणि रेषा जवळजवळ दिसतच नाहीत, त्यामुळे लहान प्रमाणाच्या कामात ते शोभते. सागासारखे ठळक रेषांचे लाकूड दहा इंचांच्या नावेत अवाढव्य वाटले असते. पुस्तिका हा या संचाचा सर्वांत मोलाचा भाग आहे. ती केवळ ‘हा तुकडा तिथे चिकटवा’ असे सांगत नाही. फळीची कड का तासायची, डिंक कुठे लावायचा नाही, पुढचा तुकडा बसवण्याआधी काय तपासायचे, हेही ती समजावते. कोणी अनुभवी माणूस शेजारी बसून बोलत आहे अशा थाटात ती लिहिलेली आहे. इतर उत्पादकांच्या जुन्या संचांत क्रमांक घातलेला एक मोठा नकाशा आणि चार भाषांतून उतरलेली तोकडी वाक्ये एवढ्यावर नवशिक्याची बोळवण केलेली मी पाहिली आहे. त्या तुलनेत ही पुस्तिका फार वरच्या दर्जाची आहे.

पुस्तिका इंग्रजीत आहे आणि मापे इंचांत आहेत, हे आपल्याकडील ग्राहकाने आधीच लक्षात घ्यावे. एक बत्तीसांश इंच म्हणजे सुमारे ०.८ मिलिमीटर, एक सोळांश म्हणजे १.६ आणि तीन बत्तीसांश म्हणजे २.४ मिलिमीटर, एवढी तीन मापे कागदावर लिहून टेबलासमोर चिकटवली की अडचण राहत नाही. तुकडे पत्र्यातून सोडवण्यापूर्वी नकाशाशी ताडून प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीने क्रमांक लिहावा. उजवी आणि डावी फळी आरशातल्या प्रतिबिंबासारखी असते. सुटी झाल्यावर ती ओळखण्यात उगाच वेळ जातो.

हत्यारांची यादी मोठी नाही. टोकदार पात्याची सुरी, लहान कानसांचा संच, चिमटा, हाताने फिरवण्याचे बारीक ड्रिल, पोलादी पट्टी आणि वेगवेगळ्या दाण्यांचे पॉलिश पेपर पुरतात. पॉलिश पेपर आइसक्रीमच्या चपट्या काड्यांवर चिकटवून घेतला तर बाजारातल्या महाग कानसांइतकेच चांगले काम होते. दाबून धरण्यासाठी कपडे वाळत घालायचे चिमटे लागतात, आणि ते वाटतात त्याहून पुष्कळ जास्त लागतात. हत्यारे, रंग आणि ब्रश यांसह येणारी मोठी खोकीही कंपनी विकते, परंतु भारतात मागवताना वजन वाढवण्यात अर्थ नाही. यातले सर्व काही आपल्याकडच्या हार्डवेअरच्या आणि चित्रकला साहित्याच्या दुकानांत मिळते. डिंकासाठी साधा पांढरा फेव्हिकॉल उत्तम. झटपट चिकटणारा डिंक या कामात शक्यतो टाळावा, कारण तो जागा बदलण्याची उसंत देत नाही, सांधा ठिसूळ करतो आणि लाकडात मुरला तर त्यावर रंगाचा पातळ हात नीट बसत नाही.

बांधणी तळापासून सुरू होते. तळाच्या फळ्या एकमेकींना जोडायच्या, त्यांवर आडव्या पट्ट्या बसवायच्या, आणि मग संचातील साच्याच्या आधाराने तळाला पुढून-मागून किंचित वर उचललेली वक्रता द्यायची. त्यावर बरगड्या, पुढे नाळ (नावेच्या तोंडाशी उभे असणारे लाकूड) आणि मागे ती निमुळती फळी उभी राहते. एवढे होईपर्यंत काम सरळ वाटते आणि नाव आकार घेऊ लागल्याने उत्साहही चढतो. खरा धडा यानंतर येतो. लेझरचा किरण पत्र्याला काटकोनात कापतो, त्यामुळे प्रत्येक तुकड्याची कड पृष्ठभागाशी बरोबर नव्वद अंशांत असते. नावेच्या शरीरात मात्र फळी क्वचितच काटकोनात येते. ती पुढे नाळेकडे वळते, मागे वर चढते, आणि बरगडीची कड त्या दिशेने उतरती तासली नाही तर फळी केवळ एका धारेवर टेकते. यंत्राने कितीही अचूक कापून दिले तरी हा उतार हातानेच द्यावा लागतो. यंत्राच्या अचूकतेवर विसंबून बसणारा नवशिका अडतो तो नेमका इथे.

लेझरमुळे कडेला येणारा तपकिरी करपट थर ही याच कामातील दुसरी गोष्ट. सांध्याच्या जागी तो राहिला तर डिंक लाकडाला न धरता राखेला धरतो. पण तो काढण्याच्या नादात तुकडाच लहान होण्याचा धोका असतो, कारण बासवुड पॉलिश पेपरखाली फार लवकर झिजते. जिथे दोन लाकडे जुळणार आहेत तिथला थर पूर्ण काढावा, जिथे रंग बसणार आहे तिथला हलक्या हाताने, आणि जी कड दिसणारही नाही आणि जुळणारही नाही तिला हात लावू नये. बरगड्यांचा उतार तपासण्यासाठी बासवुडची एक लवचीक पट्टी नाळेपासून मागच्या फळीपर्यंत बरगड्यांवरून आडवी धरायची. ती प्रत्येक बरगडीला पूर्ण रुंदीने टेकली पाहिजे. कुठे फट दिसली की त्या बरगडीत लाकूड कमी आहे किंवा शेजारच्या बरगडीत जास्त आहे. आणि या दोहोंतले कोणते, हे डोळ्याने पट्टीची रेषा पाहून ठरवायचे. या एका तपासणीवर घालवलेली संध्याकाळ पुढे फळ्या बसवताना वसूल होते.

फळ्या बसवणे हा या संचाचा गाभा आहे. आपल्या कोकणातील होड्यांत फळ्या कडेला कड लावून जोडतात, त्यामुळे बाहेरची बाजू सपाट राहते. डोरीत तसे नाही. इथे वरची फळी खालच्या फळीवर थोडी चढवून बसवलेली असते आणि त्या चढीची रेषा नावेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत स्पष्ट दिसते. दिसायला ही पद्धत सोपी, कारण दोन कडा तंतोतंत जुळवण्याचे संकट टळते. पण बाजू कललेली असल्याने वरची फळी खालचीवर वेगळ्या कोनात येते, म्हणून खालच्या फळीची वरची बाहेरील कड चढीच्या रुंदीएवढी उतरती तासावी लागते, आणि हा कोन नावेच्या लांबीत सतत बदलत जातो. मध्यभागी एक, पुढे दुसरा, मागे तिसरा. ०.८ मिलिमीटरच्या फळीवर बदलता उतार तासणे म्हणजे काय, हे पुस्तिका वाचून कळत नाही. पहिली फळी तासूनच कळते.

दोन्ही टोकांना आणखी एक बारकावा आहे. नाळेपाशी आणि मागच्या फळीपाशी ही चढ हळूहळू नाहीशी व्हावी लागते, म्हणजे तिथे दोन्ही फळ्या एका पातळीत येऊन नावेचे तोंड स्वच्छ दिसते. त्यासाठी शेवटच्या काही सेंटिमीटरांत खालच्या फळीला वाढत्या खोलीची खाच घ्यायची आणि वरच्या फळीची आतली बाजू तितकीच कमी करायची. प्रत्यक्ष लॉवेल कारखान्यातही कारागीर हेच करत असत, फरक एवढाच की त्यांच्याकडे रंधा होता आणि फळी चोवीसपट जाड होती. मला विचाराल तर या खाचांसाठी सुरी वापरू नये. आइसक्रीमच्या काडीवर चिकटवलेला पॉलिश पेपर मधून टोकाकडे, एकाच दिशेने फिरवावा आणि दर चार-सहा फेऱ्यांनी फळी जागेवर धरून पाहावी.

फळीला वळण देण्यासाठी ती गरम पाण्यात काही मिनिटे भिजवून नावेवरच चिमट्यांनी धरून ठेवावी आणि पूर्ण वाळल्यावर मग चिकटवावी. ओली फळी लगेच डिंकाने बसवण्याचा मोह आवरावा. लाकूड ओले असताना रुंदीत फुगते आणि वाळताना आकसते. ओलेपणी नीट दिसलेली चढ वाळल्यावर कमी भरते. पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत काम करणाऱ्यांनी ही काळजी दुप्पट घ्यावी. हवेतच एवढा दमटपणा असतो की फेव्हिकॉल वाळायला नेहमीपेक्षा बराच वेळ घेतो आणि उघडे पडलेले पातळ पत्रे एका बाजूला वळू लागतात. न वापरलेले पत्रे प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून जड पुस्तकांखाली सपाट ठेवले की प्रश्न मिटतो.

एखादी फळी वाकडी बसली तर हताश होण्याचे कारण नाही. पांढरा डिंक आयसोप्रोपिल अल्कोहोलने सुटतो. बारीक ब्रशने सांध्यावर ते लावत राहिले की थोड्या वेळात सांधा ढिला होतो आणि फळी मोडल्याशिवाय काढता येते. हे द्रव औषधांच्या दुकानात मिळते आणि लाकूडही त्याने पाण्याइतके फुगत नाही. काम करताना खिडकी उघडी ठेवावी आणि ज्योत जवळ नसावी, एवढे पथ्य पाळावे.

आता सवलतीचा मुद्दा. मोठ्या जहाजांच्या संचांत सामान्यतः मध्यभागी एक उभी फळी आणि तिला छेदणाऱ्या आडव्या चौकटी असतात, त्यांवर अरुंद पट्ट्यांचा एक थर, आणि पुष्कळदा त्यावर चांगल्या लाकडाचा दुसरा थर. पहिल्या थरातील फटी लांबीने (पुटीने) भरून घासता येतात, दुसरा थर त्या झाकतो, आणि आतला भाग तक्तपोशीखाली कायमचा लपतो. त्या पद्धतीत काम प्रचंड आहे, पण चुका पोटात घालण्याची सोय आहे. डोरी उघडी नाव आहे. तिच्या फळीला आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून पाहिले जाते. बरगडी फळीला टेकलेली नसेल तर आतून फट दिसते. डिंक जास्त झाला तर आतून ओघळ दिसतो. चढीची रेषा डळमळली तर बाहेरून सावलीतच ते कळते, आणि लांबी भरली तर ती चढच बुजून जाते. म्हणून ज्या जाहिरातींत या संचाला ‘अगदी सोपा’ म्हटले जाते त्यांच्याशी मी सहमत नाही. तुकडे कमी असल्याने तो संपतो, हे खरे. परंतु जितके सांधे आहेत तितके नीट करावे लागतात, आणि त्यामुळेच तो शिकवतो.

लाकडाविषयी माझी तक्रार आहे, ती या संचापुरती नसून बासवुडबद्दलच आहे. हे लाकूड नखानेही दबते, पोलादी चिमट्याने पकडले तर खूण राहते, आणि घासल्यावर त्यावर बारीक लव उभी राहते. पहिला रंगाचा हात दिला की ती लव ताठ होते आणि पृष्ठभाग खरखरीत लागतो. उपाय असा की आधी पातळ केलेल्या लाखेचा किंवा सॅंडिंग सीलरचा एक हात द्यावा, वाळल्यावर बारीक दाण्याच्या पेपरने घासावे आणि मग रंग द्यावा. लाकूड तसेच उघडे ठेवून वर केवळ तेल किंवा पॉलिश लावायचे असेल, तर बासवुड निराशा करते. डिंकाचा प्रत्येक डाग तिथे फिकट ठिपका होऊन उमटतो आणि रंगछटाही ठिकठिकाणी वेगळी येते. पेअर किंवा बॉक्सवुड यांसारखी घट्ट, महाग लाकडे यापेक्षा कितीतरी देखणी दिसतात, परंतु नवशिक्याच्या हाती ती देण्यात शहाणपण नाही, आणि मूळ डोऱ्या रंगवलेल्याच असत. तेव्हा ही उणीव इथे फारशी बोचत नाही.

रंगाबद्दल एवढेच पुरे की बँक्सवरील डोऱ्यांना पिवळसर मातकट रंग देण्याची जुनी रीत होती आणि तो ॲक्रिलिक रंगांत पिवळी माती, पांढरा आणि किंचित तपकिरी मिसळून सहज जमतो. चकाकणारा रंग मात्र देऊ नये. कामाची नाव आहे, ती मऊ, निस्तेज पृष्ठभागातच बरी दिसते.

आतील सामान लावण्याचा भाग सर्वांत आनंदाचा आहे. बैठका प्रत्यक्ष नावेत काढता येत, हे आधी सांगितले; म्हणून त्या आडव्या आधारपट्ट्यांवर डिंकाशिवाय नुसत्या टेकवून ठेवाव्यात असे मी सुचवीन. पाहायला येणाऱ्याला त्या काढून दाखवल्या की एकात एक नाव कशी बसत असे, हे चित्राशिवाय समजते. वल्हे अडकवण्याच्या खुंट्या इतक्या बारीक असतात की त्यांची भोके सुरीने न करता बारीक ड्रिलनेच पाडावीत, नाहीतर वरची पट्टी रेषेत चिरते. वल्ह्यांना घाई करू नये. चौकोनी काडी आधी अष्टकोनी, मग गोल, असा दांडा घडवायचा आणि पाते टोकाकडे पातळ करत न्यायचे. जाड राहिलेली वल्ही हा नवशिक्यांच्या डोऱ्यांतील सर्वांत ठळक दोष असतो. जानेवारी १८८३ मध्ये हॉवर्ड ब्लॅकबर्न या ग्लॉस्टरच्या कोळ्याची डोरी हिमवादळात आपल्या गलबतापासून भरकटली. हातमोजे समुद्रात गेल्यावर हात गोठणार हे ओळखून त्याने बोटे वल्ह्यांभोवती वळवून तशीच गोठू दिली, आणि सोबती दगावल्यावरही वल्हवत त्याने न्यू फाउंडलंडचा किनारा गाठला. बोटे मात्र सगळी गेली. त्याआधी, १८७६ मध्ये, त्याच ग्लॉस्टरच्या आल्फ्रेड जॉन्सनने शीड लावलेल्या वीस फुटी डोरीतून एकट्याने अटलांटिक ओलांडून वेल्सचा किनारा गाठला होता. या हकिकती माहीत असल्या की सात सेंटिमीटरच्या काल्पनिक माणसाच्या हातात मावेल अशा जाडीचे वल्हे घडवण्याकडे आपोआप लक्ष जाते.

हा संच कोणी घेऊ नये, हेही सांगितले पाहिजे. ज्याला दोरखंड, कप्प्या आणि शिडे यांचेच आकर्षण आहे त्याला डोरीत त्यातले काहीही मिळणार नाही. त्याने मालिकेतील दुसऱ्या, शिडाच्या नावेपासून सुरुवात केली तरी चालेल. ती १:१२ प्रमाणाची असल्याने तुकडे मोठे आहेत, फळ्यांची पद्धत चढीचीच आहे, आणि वर एक डोलकाठी व शीड आहे. दहा-बारा वर्षांच्या मुलाला भेट म्हणूनही डोरी देऊ नये, कारण धारदार सुरी आणि पातळ फळी यांचा संयम त्या वयात क्वचित असतो; सोबत मोठे माणूस बसणार असेल तर गोष्ट वेगळी. तिसरी, शेवंड्यांची होडी, १:२४ प्रमाणाची आहे आणि तिच्यात फळ्या कडेला कड लावून बसवायच्या असतात. डोरीवर उतार तासायला शिकलेला माणूस तिथे पोहोचला की त्याला सगळेच नवे वाटत नाही.

खरेदीबाबत दोन सूचना. संच परदेशातून मागवताना केवळ वस्तूची किंमत पाहू नये. पाठवणीचा खर्च आणि सीमाशुल्क मिळून मूळ किमतीच्या जवळपास जाऊ शकतात, म्हणून तो हिशेब आधी करावा, आणि अमेरिकेतून कोणी नातेवाईक येणार असेल तर खोके त्याच्या सामानात सहज मावते हे लक्षात ठेवावे. दुसरे असे की लाकडी जहाजांच्या बाजारात नामवंत आखणीकारांच्या कामाची नक्कल करून विकले जाणारे स्वस्त संच पुष्कळ आहेत. त्यांत लाकूड कसेबसे असते आणि पुस्तिका तर नसतेच किंवा छायाप्रत असते. या संचाचे निम्मे मोल पुस्तिकेत असल्याने तशी बचत इथे निरर्थक ठरते.

तिन्ही संच एकत्र घेतल्यास एकूण पाठवणी स्वस्त पडते आणि विक्रेतेही तसे सुचवतात. तरीही मी आधी डोरी एकटीच मागवा असे म्हणेन. तळाला लागून असलेली पहिली फळी दोन्ही बाजूंना बसली की पॉलिश पेपर हातात धरून तासन्‌तास बसणे आपल्याला आवडते की नाही, हे ज्याचे त्याला कळलेले असते, आणि उरलेल्या दोन खोक्यांचे पैसे तोपर्यंत खिशातच असतात.